जुन्या विजेरीला नवा डोळा

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी माळ्यावरून दोन वस्तू खाली उतरतात. एक छत्री आणि दुसरी विजेरी. विजेरी म्हणजे आपण घरात जिला सरसकट 'बॅटरी' म्हणतो ती. छत्रीची काडी मोडली तर ती छत्रीवाल्याकडे जाते आणि दुरुस्त होऊन येते. विजेरीचे तसे नाही. तिचा बल्ब गेला की तसला बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही, आणि मग आजोबांच्या काळातली ती पितळी किंवा पत्र्याची भक्कम विजेरी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जाते.

दहिसरच्या मुलांना विजेरीचे महत्त्व सांगायला नको. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मिठी, पोयसर, ओशिवरा या नद्यांप्रमाणेच ही नदीही काठ सोडून वस्तीत शिरली. उपनगरांत ठिकठिकाणी वीजपुरवठा बंद झाला. पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास वीजवहनाच्या जाळ्यात बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम विजेविना राहिली. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आता तुम्ही म्हणाल, "मोबाइलमध्ये दिवा असतोच की!" असतो; पण अशा वेळी मोबाइलमधील वीज बोलण्यासाठी राखून ठेवायची असते. जिन्यात पाणी शिरलेले असताना कोणाला तरी हाक मारायची असेल, तर दिव्यासाठी मोबाइल संपवून टाकणे परवडणारे नाही.

तेव्हा माळ्यावरची विजेरी भंगारात देण्यापूर्वी एक विचार करू. घरातल्याच दुसऱ्या बंद पडलेल्या वस्तूंचे भाग घेऊन तिला पुन्हा चालू करता येईल का? नुसती चालू नव्हे, तर पूर्वी दोन सेल लागत होते तिथे एकाच सेलवर, आणि तोही इतरांनी 'संपला' म्हणून टाकून दिलेला चालेल अशी? येते. कसे, ते या लेखात पाहू.

जुनी विजेरी किती वीज खाते?

विजेरी उघडून पाहा. आत दोन मोठे सेल एकापुढे एक बसतात. प्रत्येकाचा दाब १.५ व्होल्ट, म्हणजे दोघांचा मिळून ३ व्होल्ट. पुढच्या सेलची पितळी टोपी बल्बाच्या बुडाला टेकते. मागच्या सेलचे बूड स्प्रिंगला टेकते. स्प्रिंगपासून धातूच्या नळीतून, बटणाच्या पट्टीतून आणि परावर्तकातून बल्बाच्या कडेपर्यंत वाट जाते. बटण सरकवले की मंडल पूर्ण होते.

आता बल्बाच्या धातूच्या गळ्यावर बारीक अक्षरांत काय कोरले आहे ते भिंगातून वाचा. बहुधा '२.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर' असे असेल. यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते : २.५ × ०.३ = ०.७५ वॅट. एवढी वीज टंगस्टनच्या केसासारख्या तारेला तापवण्यात जाते. तार पांढरी होईपर्यंत तापते आणि उजेड देते. पण तापलेली तार उजेडापेक्षा उष्णताच फार फेकते. दिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकी चार-पाच भागसुद्धा डोळ्याला दिसणारा प्रकाश होत नाहीत. अशा छोट्या बल्बातून एका वॅटमागे साधारण १० ल्यूमेन प्रकाश मिळतो. (ल्यूमेन हे प्रकाशाच्या प्रवाहाचे एकक.) म्हणजे आपल्या विजेरीचा प्रकाश झाला सुमारे ७.५ ल्यूमेन.

दुसरी अडचण अशी. सेल वापरता वापरता त्याचा दाब उतरत जातो. दोन सेलांचा दाब मिळून २ व्होल्टच्या आसपास आला की तार लालसर, मंद होते आणि आपण म्हणतो, "सेल संपले." खरे म्हणजे सेल संपलेले नसतात, बल्बाला पुरेनासे झालेले असतात. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, आणि आपला सगळा प्रयोग या फरकावरच उभा आहे.

नवा डोळा : एलईडी

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. यात तापणारी तार नसते. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा सोडतात आणि ती ऊर्जा सरळ प्रकाशरूपाने बाहेर पडते. दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली बनवला. निळा एलईडी बनवायला मात्र पुढे तीस वर्षे लागली. त्या कामाबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी म्हणजे वस्तुतः निळाच एलईडी, त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप दिलेला. म्हणून तर बंद असताना तो पिवळा दिसतो! एका वॅटमागे तो सहज ८० ते १०० ल्यूमेन प्रकाश देतो.

मग जुना बल्ब काढून तिथे एलईडी बसवला की काम झाले? करून पाहा. पांढऱ्या एलईडीला दोन वापरलेले सेल जोडा. तो पेटणार नाही, किंवा काजव्यासारखा मिणमिणेल. कारण पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट दाब लागतो. २.५ व्होल्टला तो जवळजवळ बंदच असतो. टंगस्टनची तार कमी दाबावर निदान लाल तरी होते. एलईडी दाराशी उंच उंबरठा असलेल्या घरासारखा आहे. उंबरठ्याएवढी उंची गाठली नाही तर आत प्रवेशच नाही.

म्हणजे जुन्या वस्तूत नवा भाग बसवताना तो आत मावतो की नाही एवढे पाहून चालत नाही. नव्या भागाला काय हवे आणि जुन्या भागाजवळ देण्यासारखे काय आहे, हे आधी मोजावे लागते. इथे सेलजवळ ऊर्जा भरपूर आहे, पण दाब कमी आहे. तेव्हा दाब चढवण्याची युक्ती हवी.

लोकल थांबते तेव्हा

बोरिवलीहून दहिसरला येणारी लोकल एकाएकी थांबली तर उभे असलेले प्रवासी पुढे फेकले जातात. गाडी थांबली तरी प्रवाशांची गती थांबायला तयार नसते. तारेच्या गुंडाळीतून वाहणारी विद्युतधाराही अशीच हट्टी असते. धारा वाहत असताना गुंडाळीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यात ऊर्जा साठते. धारा एकदम तोडली की ते क्षेत्र कोसळते आणि कोसळताना गुंडाळीच्या टोकांवर मोठा दाब निर्माण करते. या गुणाला स्वप्रवर्तन म्हणतात. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी स्वप्रवर्तनाचा अभ्यास केला. स्वप्रवर्तनाच्या एककाला 'हेन्री' हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

जुन्या ट्यूबलाइटचा चोक तुम्ही पाहिला असेल. स्टार्टर उघडतो त्या क्षणी चोकमधील धारा तुटते आणि त्या धक्क्याने नळी पेटते. आपल्याला हेच करायचे आहे, फक्त फार लहान प्रमाणावर आणि सेकंदाला हजारो वेळा. इतक्या वेळा बटण कोण दाबणार? ते काम ट्रान्झिस्टर करील.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : संग्राहक, पाया आणि उत्सर्जक. पायामध्ये थोडी धारा सोडली की संग्राहकाकडून उत्सर्जकाकडे मोठी धारा वाहू लागते. पायाची धारा थांबली की मोठी धाराही थांबते. आता एकाच फेराइटवर दोन गुंडाळ्या एकत्र गुंडाळल्या आणि एक संग्राहकाला व दुसरी पायाला जोडली तर काय होईल?

(१) सेल जोडताच पायात थोडी धारा जाते. ट्रान्झिस्टर उघडू लागतो. (२) पहिल्या गुंडाळीत धारा वाढू लागते. तिच्या बदलत्या क्षेत्रामुळे दुसऱ्या गुंडाळीत दाब निर्माण होतो आणि तो पायाला आणखी धारा देतो. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. (३) पहिल्या गुंडाळीतील धारा वाढत वाढत अशा जागी येते की पायाची धारा तिला पुरी पडत नाही. वाढ थांबते. वाढ थांबली की दुसऱ्या गुंडाळीतील दाब नाहीसा होतो आणि ट्रान्झिस्टर झटकन मिटतो. (४) धारा तुटली! गुंडाळी धक्का देते. संग्राहकावरचा दाब ३ व्होल्टच्या वर उसळतो आणि साठलेली ऊर्जा एलईडीतून वाहून जाते. एलईडी चमकतो. (५) क्षेत्र रिकामे झाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे चक्र इतक्या वेगाने चालते की डोळ्याला उजेड अखंड दिसतो. या मंडलाची छोटी आवृत्ती झेड. कपार्निक यांनी १९९९ साली एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात दिली. पुढे तिला 'जूल थीफ' असे गमतीचे नाव पडले. जूल हे ऊर्जेचे एकक आणि थीफ म्हणजे चोर. मेलेल्या सेलच्या खिशातले उरलेसुरले जूल काढून घेणारा हा चोर! मात्र तो जादूगार नव्हे, हे लक्षात ठेवा. दाब वाढतो तेव्हा धारा त्या प्रमाणात कमी होते. ऊर्जा कोठूनही फुकट मिळत नाही.

भाग कोठे मिळतील?

एलईडी : बंद पडलेल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बात ॲल्युमिनियमच्या गोल चकतीवर बरेच पिवळे दाणे असतात. ते बहुधा एकसर जोडणीत असतात. त्यामुळे एक दाणा जळला की मंडल तुटते आणि सगळेच विझतात. जळलेल्या दाण्यावर काळा ठिपका दिसतो. बाकीचे बहुतेक शाबूत असतात. म्हणजे आपण ज्याला 'गेलेला बल्ब' म्हणतो त्यात एकच दाणा गेलेला असतो!

फेराइट आणि ट्रान्झिस्टर : सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ. त्यातील काळी कांडी म्हणजे फेराइट. मध्यम लहरी पकडण्यासाठी ती असते. त्याच रेडिओच्या पाटीवर बीसी ५४७ किंवा बीसी ५४८ असे लिहिलेले काळे ट्रान्झिस्टर सापडतील. धातूच्या टोपीचा सीएल १०० मिळाला तर फारच उत्तम.

तार : जुन्या ॲडॉप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमधील एनॅमलची तांब्याची तार, २८ गेजच्या आसपासची, दोन-दोन मीटरचे दोन तुकडे.

रोधक : १ किलोओहम (पट्टे तपकिरी, काळा, लाल). हाही त्याच पाटीवर मिळेल.

याखेरीज एक इंची प्लॅस्टिकच्या पाण्याच्या पाइपचा ६१ मिलिमीटर लांबीचा तुकडा (हीच मोठ्या सेलची उंची), डब्याच्या झाकणाचा पत्रा, बारीक वायर, डाख देण्याची इस्त्री, काचकागद, कानस, पत्रा कापायची कात्री आणि मल्टिमीटर. घरात रेडिओ नसेल तर रद्दी-भंगाराच्या दुकानात विचारा. तिथेही नाही मिळाला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे घटक नवे मिळतात.

आधी सावधगिरी

हा प्रयोग एका सेलवरचा असल्याने चालवताना धोका नाही. पण भाग काढताना आहे. म्हणून हे नियम पाळा. भिंतीच्या विजेला जोडलेली कोणतीही वस्तू उघडू नका. एलईडी बल्ब होल्डरमधून काढल्यावर दोन दिवस तसाच ठेवा, कारण आतील धारित्रात मोठ्या दाबाचा विद्युतभार साठून राहिलेला असू शकतो. त्यानंतरही बल्ब शिक्षकांनी किंवा जाणत्या मोठ्या माणसानेच उघडावा, धारित्रावर दाब उरला नाही हे मल्टिमीटरने पाहावे आणि चकतीकडे येणाऱ्या दोन तारा कापून चकती वेगळी करावी. सीएफएल आणि ट्यूबलाइट फोडू नका. त्यांत पारा असतो. जुन्या दूरदर्शन संचाला हात लावू नका. गळलेले सेल उघड्या हाताने धरू नका. पेटलेल्या एलईडीकडे जवळून टक लावून पाहू नका.

कृती

१. दाणा वेगळा करणे. चकती ॲल्युमिनियमची असल्याने डाखाच्या इस्त्रीची उष्णता ती भराभर पसरवते आणि डाख वितळतच नाही. म्हणून दाणा उपटण्याच्या भरीस पडू नका. कात्रीने दाण्यासकट चकतीचा लहान तुकडा कापा. विजेरीच्या परावर्तकातील बल्बाच्या भोकात मागून बसेल एवढाच हवा. दाण्याच्या दोन्ही बाजूंचा पांढरा रंग खरवडला की खाली तांबे दिसेल. तुकडा लहान असल्यामुळे आता डाख सहज बसेल. दोन बारीक वायरी जोडा. कापलेल्या कडेला तांबे ॲल्युमिनियमला टेकलेले असू शकते. कड कानशीने घासा आणि मल्टिमीटरने तपासा.

२. दाणा तपासणे. तीन सेल एकापुढे एक जोडून ४.५ व्होल्ट घ्या. मध्ये १०० ओहमचा रोधक घालून दाणा लावा. पेटला नाही तर वायरी उलट करा. पेटेल त्या वेळी सेलच्या धन टोकाकडची वायर ती दाण्याची धन वायर. तिला गाठ मारून ठेवा. दोन्ही बाजूंनी पेटला नाही तर तो जळलेला असेल, किंवा त्याच्या पोटात दोन-तीन दाणे एकसर जोडलेले असतील. असे ६ व्होल्ट व ९ व्होल्टचे दाणे बाजारातील बल्बांत असतात. त्यांची परीक्षा तयार झालेल्या मंडलावरच घेता येईल.

३. गुंडाळी. फेराइटची कांडी कडक पण ठिसूळ असते. ५ सेंटिमीटरवर कानशीने सभोवार खाच पाडा, फडक्यात धरून मोडा. कांडीवर कागदाचा एक वेढा द्या. आता तारेचे दोन्ही तुकडे जोडीने, शेजारी शेजारी धरून ५० वेढे घाला. एका तारेला 'क' म्हणा, दुसरीला 'ख'. सुरुवातीची टोके क-१ व ख-१, शेवटची क-२ व ख-२. चारही टोकांचे एनॅमल काचकागदाने पूर्ण घासून तांबे उघडे करा. कोणते टोक कोणत्या तारेचे, हे मल्टिमीटरने ठरवा आणि चिठ्ठ्या लावा.

४. जोडणी. क-२ आणि ख-१ एकत्र पिळून डाख द्या. हा जोड सेलच्या धन टोकाला जाईल. क-१ ट्रान्झिस्टरच्या संग्राहकाला जोडा. ख-२ ला १ किलोओहमचा रोधक आणि रोधकाचे दुसरे टोक पायाला जोडा. उत्सर्जक सेलच्या ऋण टोकाला जाईल. दाण्याची धन वायर संग्राहकाला, ऋण वायर उत्सर्जकाला. बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे व पाय खाली धरले, तर डावीकडून संग्राहक, पाया, उत्सर्जक असा क्रम असतो. दाणा जोडल्याशिवाय मंडलाला सेल लावू नका. गुंडाळीच्या धक्क्याला वाट मिळाली नाही तर तो ट्रान्झिस्टरवरच बसतो.

५. चाचणी. टेबलावरच एक सेल लावून पाहा. दाणा पेटला? शाबास! आता विजेरीत बसवायला हरकत नाही.

६. विजेरीत बसवणे. मंडल पाइपच्या तुकड्यात ठेवा आणि कापूस किंवा स्पंज घालून घट्ट करा. पाइपच्या एका तोंडावर पत्र्याची चकती बसवा आणि तिला धन जोडाची वायर डाखा. पाइप सैल वाटला तर बाहेरून कागद गुंडाळा. विजेरीत मागे खरा सेल, त्याची टोपी पुढे. आणि पुढच्या सेलच्या जागी हा पाइप, चकती मागे. म्हणजे सेलची टोपी चकतीला टेकेल. उत्सर्जकाची वायर परावर्तकाच्या मागे बल्ब धरणाऱ्या पितळी कडीला डाखा. प्लॅस्टिकच्या विजेरीत ही वाट धातूच्या पट्टीने येते. ती पट्टी शोधा. दाण्याचा तुकडा बल्बाच्या भोकात बसवा. त्याची ॲल्युमिनियमची कड परावर्तकाला टेकू नये म्हणून मध्ये चिकटपट्टी लावा. झाकण लावा, बटण सरकवा.

पेटला नाही तर?

पहिला संशय गुंडाळीवर घ्या. 'ख' तारेची दोन टोके अदलाबदल करून पाहा. गुंडाळ्यांची दिशा उलट असेल तर दुसरी गुंडाळी पायाला मदत करण्याऐवजी विरोध करते आणि चक्र सुरूच होत नाही. दुसरा संशय एनॅमल नीट न घासल्याचा. तिसरा दाण्याची वायर उलटी असल्याचा. चौथा ट्रान्झिस्टरचे पाय चुकल्याचा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर कशाने काम झाले हे कधीच कळणार नाही.

आता मोजमाप करू

नव्या सेलवर मंडल किती धारा घेते हे मल्टिमीटर एकसर जोडून पाहा. १० अँपिअरच्या मापनावर साधारण ०.०५ ते ०.०८ असे वाचन मिळावे. उदाहरणादाखल ०.०७ अँपिअर धरू. मग शक्ती १.५ × ०.०७ = ०.१०५ वॅट. जुना बल्ब नव्या सेलांवर ३ × ०.३, म्हणजे सुमारे ०.९ वॅट घेत होता. दर सेलमागे ०.४५ वॅट. आपल्या एका सेलवरचा भार चौपटीहून अधिक हलका झाला, आणि दुसरा सेल तर लागतच नाही. ०.१०५ वॅटपैकी समजा ०.०६ वॅट एलईडीला पोचले आणि बाकीचे तार, ट्रान्झिस्टर व रोधक यांत उष्णता होऊन गेले. एका वॅटमागे १०० ल्यूमेन धरले तर प्रकाश ६ ल्यूमेन. जुन्या बल्बाच्या ७.५ च्या जवळपासच की!

दुसरे मोजमाप 'संपलेल्या' सेलांचे. भिंतीवरच्या घड्याळाने, रिमोटने, खेळण्याने टाकून दिलेले सेल गोळा करा. प्रत्येकाचा दाब आधी मोकळा मोजा, मग मंडल चालू असताना मोजा. मोकळा सेल १.२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच ०.९ वर येतो, असे पुष्कळदा दिसेल. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्याचा हा परिणाम. म्हणून सेलची परीक्षा भाराखालीच घ्यावी. आपले मंडल सुमारे ०.७ व्होल्टपर्यंत काही ना काही उजेड देत राहील. त्याखाली ट्रान्झिस्टरचा पायाच उघडत नाही. तारखेवार तक्ता करा : सेल कोठून आला, भाराखालचा दाब किती, आणि काळोखात एक मीटर अंतरावरून पुस्तकातली अक्षरे किती तास वाचता आली.

मर्यादा

या विजेरीचा झोत जुन्या विजेरीसारखा लांब जाणार नाही. परावर्तक बनवला होता तो चहूकडे प्रकाश टाकणाऱ्या तारेसाठी. एलईडी बहुतेक प्रकाश समोरच टाकतो, त्यामुळे परावर्तकाच्या हाती फारसे लागत नाही. खोलीत, जिन्यात, पुस्तकावर हा पसरलेला उजेड चांगला. नदीपलीकडचे झाड पाहायला अपुरा. आणि पुरासारख्या प्रसंगासाठी मरणासन्न सेलवर विसंबू नका. तेव्हा नवा सेल घाला. वापरलेले सेल रोजच्या कामाला ठेवा. विजेरी बंद ठेवायची असेल तेव्हा सेल काढून ठेवा, म्हणजे गळून आतले पत्रे खराब होणार नाहीत.

उरलेला कचरा कोठे टाकायचा, हाही प्रयोगाचाच भाग आहे. आपल्या देशात सेल आणि बॅटऱ्यांच्या कचऱ्याचे नियम २०२२ साली आले. ई-कचऱ्याचे सुधारलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. रेडिओची पाटी, बल्बातील सर्किट आणि अगदी रिकामे झालेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे साठवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

शिक्षकांनी हा प्रयोग एका तासात उरकू नये. पहिल्या तासाला जुन्या बल्बाची शक्ती व दोन सेलांवर न पेटणारा एलईडी; दुसऱ्या तासाला गुंडाळी; तिसऱ्याला जोडणी व दोषशोध; आणि तक्ता महिनाभर चालू, अशी वाटणी सोयीची होईल.

विचार करा

१. गुंडाळीचे वेढे ५० ऐवजी २५ घातले तर उजेडात काय फरक पडेल? करून पाहा.
२. १ किलोओहमऐवजी २.२ किलोओहमचा रोधक घातला तर सेल जास्त टिकेल की कमी? उजेडाचे काय होईल?
३. एकसर जोडणीत एक दाणा गेला की सगळे विझतात हे ठाऊक असूनही बल्ब बनवणारे ती जोडणी का निवडत असावेत? (सूचना : घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो.)
४. तुमच्या घरात 'बंद पडली' म्हणून ठेवलेली आणखी एखादी वस्तू घ्या. तिच्यात नेमके काय बंद पडले आहे आणि काय अजून चांगले आहे, याची यादी करा. ती विजेवर चालणारी असेल तर न उघडता, निरीक्षणाने व मोठ्यांना विचारून करा. यादीत चांगल्या भागांची बाजूच लांब निघेल!